मानेकाकांचा मफलर

"वहिनी, जरा डावीकडे सरकता का? तुमच्या चष्म्यात दिवा दिसतोय," कॅमेरावाला म्हणाला.

वहिनी खुर्चीसकट सरकल्या. नुसतं अंग सरकवलं असतं तरी चाललं असतं, पण मग खांदा भाऊजींच्या खांद्याला लागला असता. दिरापासून हातभर अंतर ठेवून बसायची त्यांना जुनी सवय होती. ही सवय भाऊजींनाही ठाऊक होती. त्यांनी आपली काठी उचलून दोन खुर्च्यांमधून पलीकडे नेली आणि मधली जागा तशीच मोकळी राहू दिली.

बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या त्यांच्या कंपनीला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्तानं कंपनीच्या वाटचालीवर एक फिल्म काढायचं ठरलं होतं. सुरुवातीपासूनची माणसं आता ही दोघंच उरली होती. दिग्दर्शन करणारी मुलगी चुणचुणीत होती. लहानपणी आपण मानेकाकांना पत्र पाठवलं होतं आणि त्यांचं उत्तरही आलं होतं, हे तिनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. ते उत्तर वहिनींनीच लिहिलेलं असणार. अशी पत्रं त्यांनी किती लिहिली, त्याला गणती नव्हती.

मानेकाका म्हणजे जिराफ. सगळी मानच, म्हणून माने. हे नाव वहिनींच्या नवऱ्यानं ठेवलं होतं. ते सोफ्याच्या गाद्या भरायचं काम करत. उरलेला स्पंज घरी आणून पोरांसाठी काही ना काही करत बसायचे. एकदा त्यांनी लांबलचक मान केली, तिच्यावर जुन्या पिवळ्या पडद्याचं कापड चढवलं, ठिपके रंगवले आणि आत कोपरापर्यंत हात घालून स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले. वहिनींच्या हातून पातेलं पडता पडता राहिलं. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे भाऊजी, त्या वेळी वह्या-पेन्सिली विकत गावोगाव फिरायचे. बोलण्यात पटाईत. त्यांनी तो जिराफ पाहिला आणि म्हणाले, "दादा, तू फक्त हात हलव. बाकीचं माझ्यावर सोड."

कंपनीची सुरुवात ती एवढीच. पहिला खेळ एका वाचनालयाच्या खोलीत झाला. मानेकाकांचा आवाज काढायला शेजारचे एक गृहस्थ येणार होते. त्यांचा घसा ऐन वेळी बसला. भाऊजींनी दोन वाक्यं म्हणून पाहिली, तर जिराफ वह्या विकायला आलाय असं वाटायला लागलं. टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेल्या नवऱ्यानं वहिनींचा पदर ओढला आणि म्हटलं, "तू बोल."

"मी? मी काय बोलू?"

"घरी बोलतेस ते."

वहिनींना आपले मामा आठवले. शाळेत हेडमास्तर होते, नाकात बोलायचे आणि शेवटचा शब्द लांबवायचे. समोरच्या एका मुलीनं विचारलं, "जिराफकाका, तुमचं नाव काय?" जिराफ बराच वेळ गप्प राहिला. मग मामांच्या आवाजात उत्तर आलं, "थांब गं बाईऽऽ. खालचं वर यायला वेळ लागतोऽऽ." खोली हसली. टेबलाखाली नवराही हसला, आणि त्या हसण्यानं जिराफाची मान अशी काही डुलली की पोरं आणखी हसली. त्या दिवसापासून हात त्यांचा आणि आवाज वहिनींचा.

हे सगळं आज कॅमेऱ्यासमोर सांगून झालं होतं. वाचनालय झालं, टीव्हीवरचा पहिला कार्यक्रम झाला. त्या दिवशी भाऊजींनी घाईघाईत दोन पायांत दोन वेगळे बूट घातले होते, तेही झालं. बुटांची गोष्ट भाऊजींनी रंगवून सांगितली आणि कॅमेरावाला हसला. वहिनीही ओठ मिटून हसल्या. कौतुक करायचं नाही असं ठरवलं तरी ह्या माणसाला गोष्ट सांगता येत होती, हे त्यांना कबूल करावंच लागे.

मग मुलीनं विचारलं, "आता मफलर. कंपनीच्या इतिहासातला सगळ्यांत लाडका क्षण. सर, ही कल्पना सुचली कशी?"

भाऊजींनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं, बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं की..."

वहिनींनी मान वळवली आणि भिंतीकडे पाहत बसल्या. हे वाक्य त्यांना पाठ होतं. वर्तमानपत्रात, रेडिओवर, कंपनीच्या बागेत जिराफाच्या आकाराच्या उंच घसरगुंडीचं उद्घाटन झालं तेव्हा व्यासपीठावर, सगळीकडे त्यांनी ते ऐकलं होतं. त्या घसरगुंडीच्या जिराफालासुद्धा लाल मफलर होता, सिमेंटचा.

तेवढ्यात कोपऱ्यातला मोठा दिवा फट्‌ करून गेला.

"पाच मिनिटं द्या," कॅमेरावाला म्हणाला. "गाडीतून दुसरा आणतो." तो गेला. मुलगी फोन करायला बाहेर गेली. खोलीत दोघंच राहिली.

वहिनींनी पदरानं चष्मा पुसला. मग भिंतीकडेच पाहत बोलल्या, "भाऊजी, आता तरी ते वाक्य सोडा की. आपण दोघं आज आहोत, उद्याचं कुणी सांगावं."

भाऊजींनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"मी होते तिथे," वहिनी म्हणाल्या. "टेबलाखाली."

त्या दिवशी कार्यक्रम थेट चालला होता. तेव्हा सगळं थेटच असे, चुकलं तर चुकलं. मानेकाका अंक शिकवत होते. वहिनींचे 'हे' नेहमीसारखे उशीवर गुडघे टेकून, उजवा हात डोक्यावर ताठ धरून बसले होते. वहिनी शेजारी, हातात माईक. मध्येच टेबलाखाली ठेवलेल्या छोट्या पडद्यावर त्यांना दिसलं, जिराफाची मान थरथरतेय. आधी वाटलं, हे काही गंमत करतायत. मग त्यांनी वर पाहिलं. ह्यांनी डाव्या हातानं उजवं कोपर घट्ट धरलं होतं, आणि धरावं तसं ते जास्तच हलत होतं. ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते वहिनींनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. समोर मुलांशी बोलणारी ताई वाक्य विसरून जिराफाकडे बघत राहिली.

वहिनींच्या तोंडून आपोआप निघालं, "ताईऽऽ, खिडकी लावा होऽऽ. वर गारठा फार आहे."

ताई सावरली. "मानेकाका, तुम्हाला थंडी वाजतेय?"

"वाजेल नाही तर काय. तुमची मान वीतभर. माझी बघा. एवढ्या मानेला मी मफलर कुठून आणूऽऽ?"

कार्यक्रम संपला. दिवे गेले तरी ह्यांनी हात खाली घेतला नव्हता. वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरून हळूच खाली आणला.

पुढच्या आठवड्यापासून मफलर यायला लागले. गठ्ठेच्या गठ्ठे. टाके सुटलेले, सात रंगांचे, आज्यांनी विणलेले, एक तर बापाचे टाय एकमेकांना शिवून केलेला. कंपनीच्या जिन्यावरून चालायला जागा राहिली नाही. पत्रकार आले आणि भाऊजींनी त्यांना सांगितलं, कल्पना माझी. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रात्रीच्या जेवणाला त्यांनी ह्यांच्यापुढे ताट आदळलं. "तुमच्या हाताचं काय होऊन बसलंय, आणि हे मिरवतायत. तुम्ही काही बोलत कसे नाही?" हे म्हणाले, "जाऊ दे गं." तेव्हापासून वहिनी दिराशी कामापुरतंच बोलू लागल्या. पुढे दुखण्याचं निदान झालं, पुढे हे गेले, पण ते कामापुरतं बोलणं तसंच राहिलं.

"तुम्हाला काय वाटतं," भाऊजी सावकाश म्हणाले, "मला ते वाक्य आवडतं?"

"आवडत नसेल तर इतकी वर्षं सांगता कशाला?"

"दादानं सांगायला लावलं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हात त्या दिवशी पहिल्यांदा नव्हता हलला, वहिनी. आधी सहा-आठ महिने हलत होता. चहाचा कप, शर्टाची बटणं. मला माहीत होतं. तुम्हाला कळू नये म्हणून तो सकाळी तुमच्या आधी उठून बटणं लावायचा. त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर मला सामानाच्या खोलीत घेऊन गेला. म्हणाला, उद्या लोक विचारतील, मान का थरथरली, तू म्हण माझी कल्पना होती. तिला विचारलं तर ती खरं सांगून बसेल. तिला खोटं बोलता येत नाही."

"मग मला सांगायचं होतं. मी गप्प राहिले असते."

"मी तेच म्हटलं. म्हटलं, वहिनी मला फाडून खातील." भाऊजी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "तर म्हणाला, खाऊ दे. तिला कुणावर तरी रागवायला मिळू दे. नाही तर ती माझ्या हाताकडे बघत रडत बसेल."

बाहेर मुलीचं फोनवरचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. वहिनींना ती सकाळची बटणं आठवत होती. हे लवकर उठायला लागले तेव्हा त्यांना वाटलं होतं, वय झालं, झोप कमी झाली. चेष्टाही केली होती. आणि ते राग-राग करण्यात गेलेले दिवस. खरंच, तेव्हा रडायला फुरसतच झाली नव्हती.

"ते गेल्यावर तरी सांगायचंत," त्या म्हणाल्या.

"शब्द दिला होता. आणि नंतर नंतर..." भाऊजी थांबले. "नंतर तुम्ही माझ्याशी तशाच वागत राहिलात, तेव्हा वाटायचं दादा अजून आहे कुठेतरी. त्यानं लावून दिलेलं चाललंय."

"वेडे आहात तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

कॅमेरावाला नवा दिवा घेऊन आला. मुलगी आत आली, वही न बघता म्हणाली, "आपण मफलरवर होतो. सर, पुन्हा पहिल्यापासून सांगाल?"

"त्याचं असं झालं," भाऊजींनी सुरू केलं.

"मी सांगते," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी. शब्द दिलाय."

"तुम्ही दिलात. मला कुणी मागितला नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. सरळ, कसलाही आव न आणता, घरातली एखादी हकीकत सांगावी तसं. टेबलाखालची उशी, ह्यांचं कोपर, खिडकी लावा. मुलगी मध्ये एकदा म्हणाली, "हे ठेवायचं ना? की नको?" आणि भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी हातानंच, चालू दे, अशी खूण केली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी काही घाई केली नाही.

"लोकांना वाटतं मफलर ही गंमत होती," वहिनी म्हणाल्या. "पण त्या मफलरमुळं ह्यांना पुढं दोन वर्षं काम करता आलं. मान हलली तरी कुणी काही म्हणेना. मानेकाकांना थंडी वाजते, हे पोरापोराला माहीत झालं होतं. पोरांनी पाठवलेल्या लोकरीखाली ह्यांचा हात झाकला गेला. कुणा मुलाला हे माहीत असायचं कारण नाही. आता ती मुलं मोठी झाली असतील, म्हणून सांगते."

"आणि मग?" मुलीनं विचारलं.

"मग हातच वर जाईना. नवीन माणूस ठेवला. त्याचा हात चांगला दणकट. त्याला थरथरायला शिकवावं लागलं, नाही तर मुलांनी ओळखलं असतं. ते शिकवायला हे स्वतः बसले. मनगटातून नको, म्हणायचे, कोपरापासून येऊ दे. त्यानं बरोबर केलं की शाबास म्हणायचे." वहिनींनी चष्मा सारखा केला. "त्या दिवसांत ते हसायचे बरं का. चांगले हसायचे."

शेवटी कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला.

मुलीला एक शेवटचं दृश्य हवं होतं. कपाटातून तिनं कापडात गुंडाळलेला पहिला जिराफ काढला, तोच, सोफ्याच्या स्पंजाचा. पिवळा रंग उडून मातकट झाला होता. "वहिनी, फक्त हात घालून मान जरा वर कराल? एकदाच."

वहिनींनी आजवर कधी त्यात हात घातला नव्हता. त्यांचं काम बोलायचं. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि हात आत नेला. स्पंज आतून कडक झाला होता. टोकाशी, डोक्याच्या आत, चार बोटांच्या आणि अंगठ्याच्या जागा झिजून पडल्या होत्या. खोल, रुंद. वहिनींची बोटं तिथवर पोचत होती, पण त्या जागा भरत नव्हत्या. त्यांनी मान उचलून पाहिली. ती अर्धी उठली आणि मधूनच दुमडली.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात काढून घेतला, जिराफ मांडीवर आडवा घेतला आणि पडद्याच्या कापडाच्या सुरकुत्या तळव्यानं सपाट करू लागल्या. भाऊजींनी आपली खुर्ची थोडी जवळ ओढली. दिवे गुंडाळणारी माणसं त्यांच्या बाजूनं, वायरी उचलत, आवाज न करता ये-जा करत होती.