दुपदरी फुगे

वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टॅबलेटच्या काचेवर डोकं इतकं खाली नेलं, की नाक टेकायचंच बाकी राहिलं.

"तुझा हा विषाणू भलताच चिक्कू आहे," ते म्हणाले. "स्वतःचं कापड म्हणून काही आणायचं नाही. पेशीचंच घ्यायचं, आणि वर दोन पदर लावायचे."

"फुकटचं असलं की दोन पदर परवडतात," ती म्हणाली. चहा केव्हाच गार झाला होता. तोच ती घोट घोट पीत होती.

सूक्ष्मदर्शकानं पेशीचे पातळ पातळ थर टिपले होते. विषाणू पेशीत शिरला की तिच्याच आतले पडदे ओढतो, वळवतो, त्यांचे दुपदरी फुगे करतो आणि त्या फुग्यांच्या आत बसून आपल्या नकला काढत राहतो. पेशीचे राखणदार बाहेर फिरत असतात, त्यांना पत्ता लागत नाही. प्रत्येक थरावरचे ते पडदे रेखायचे, हे प्रयोगशाळेतलं तिचं काम. संगणक बरंचसं करी, पण धूसर जागी त्याची गडबड होई आणि तिथं माणसाचाच हात लागे. तिचे डोळे शिणायचे, मान धरायची. निवृत्तीनंतर घरात नुसत्या येरझाऱ्या घालणाऱ्या वडिलांच्या हातात तिनं एकदा गमतीनं लेखणी दिली, ती काही परत मिळाली नाही. उभा जन्म शिवणाच्या दुकानात कापड बेतण्यात गेलेला. हात अजून तसूभर हलत नव्हता.

एकच गोष्ट होती. फुग्याच्या पडद्याला कुठं कुठं बारीकसं भोक असतं, त्यातूनच नकला बाहेर पडतात. तिच्या शोधलेखाचा सगळा जीव त्या भोकांत होता. आणि भोक दिसलं की वडिलांना राहवत नसे. रेष जिथं तुटे तिथं ते ती अलगद जोडून टाकत. ते दुपारी आडवे झाले की ती गुपचूप बसून त्यांनी जोडलेलं पुन्हा मोकळं करी.

"चुकत तर नाही ना काही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. छान चाललंय."

"बघ हं. दुकानात मी पोरांना तोंडावर सांगायचो. खोटं कौतुक म्हणजे पोराला कामावरून काढल्यासारखंच."

"खरंच छान चाललंय."

त्यांनी चष्मा खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. समजावायचं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि मग त्यांचा पडलेला चेहरा बघायचा. तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं उगाच फोन हातात घेतला.

"मग बरं," म्हणत ते पुढच्या थराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ते पाव घेऊन येताना जिन्यात टेकले. दम खायला बसले असतील असं शेजारच्या काकूंना वाटलं. ते उठले नाहीत.

माणसं येऊन गेली. त्यांचं कपाट आवरायचं राहिलं ते राहिलंच. ती कामावर जाऊ लागली तेव्हा प्रयोगशाळेतली मैत्रीण खुर्ची ओढून शेजारी बसली.

"थरांचा शेवटचा संच पाहिला ग. रेषा काय देखण्या आहेत! पण एकाही फुग्याला भोक नाही, आणि आपण तर भोकांवरच लिहितोय."

"बाबांनी काढलाय."

मैत्रीण तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मग राहू दे. वगळू या तो. लेख काही अडत नाही."

वगळणं सोपं होतं. फाइल बाजूला टाकायची, की जणू वडिलांनी ती कधी काढलीच नव्हती.

"नको," ती म्हणाली. "घरी नेते."

जेवणाच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीवर बसून तिनं पहिला फुगा मोठा करून पाहिला. जोड सापडेना. मूळ छायाचित्र शेजारी ठेवून शोधावं लागलं, इतका तो सफाईदार होता. एका जागी तर त्यांनी रेष दोनदा गिरवली होती. तिनं खोडायला लेखणी टेकवली, पण पुढं सरकवली नाही. टॅबलेट किंचित तिरका केला, शेजारी बसलेल्यालाही नीट दिसावा तसा.

"बाबा, हे चुकलंय तुमचं," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या खोलीत आवाज परका वाटला. तिनं घसा खाकरला. "पहिल्या दिवसापासून चुकत होतं. इथं फाटलेलं नाहीये काही. काज आहे ते."