मामांचा खोकला

व्हिडिओ कॉलवर साधना मॅडम मनीषाला कंबरेचा व्यायाम समजावून सांगत होत्या आणि मनीषा एकदम गायब झाली. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली, तीही गरगर फिरत होती.

"मनीषा, पडलात की काय?"

"न्हाई मॅडम," खालून आवाज आला. "मामा आले."

मामा म्हणजे सासरे, धुळाजी. अंगणात त्यांचा खोकला ऐकू आला की सुनेनं खुर्चीवरून उतरायचं, हा त्या घरातला न सांगितलेला कायदा. धुळाजी खोकायचे तेही रीत म्हणूनच. घरात सून आहे, तर पुरुषमाणसानं वर्दी देऊन आत यावं. त्यांचं खोकणं सभ्यपणाचं, तिचं उतरणं आदबीचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मधल्यामध्ये कंबरेचा भुगा होत होता.

मनीषा नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीचं काम घरून करायची. दुकानदारांच्या मागण्या कॉम्प्युटरवर भरायच्या. अंकुशनगरच्या अलीकडं असलेल्या तिच्या गावात नेटवर्क यायचं ते पुढच्या खोलीत, आणि पुढची खोली मामांची. वर्षभर पाटावर लॅपटॉप ठेवून ती मांडी घालून बसली, तेव्हा कंबर धरली. मग कंपनीनं खुर्ची पाठवली, दर शनिवारी व्यायाम सांगायला मॅडम नेमल्या. तरी दुखणं वाढतच गेलं. शेवटी साहेबांनी सांगितलं की महिनाभरात फरक पडला नाही तर रोज जालन्याला येऊन काम करा. एसटीनं जाऊन-येऊन चार तास. त्या कंबरेला ते झेपणार नव्हतं. नोकरी सुटणार होती, आणि मनीषाला ती जिवापाड आवडायची.

"असं दिवसातून किती वेळा उतरता?" मॅडमनी विचारलं.

"ईसेक वेळा. पाव्हणे आले तर जास्त."

मॅडमना हसू आवरेना. दुखणं कुठं आहे ते आत्ता सापडलं म्हणाल्या, आणि मामांना जरा कमी खोकायला सांगा, असंही म्हणाल्या. लॅपटॉपचा आवाज मोठा होता. दारात उभ्या धुळाजींनी सगळं ऐकलं, काठी उचलली आणि आल्या पावली निघून गेले.

मनीषानं कॉल बंद केला आणि चुलीपाशी जाऊन सगळं सांगितलं. सासूबाई, साखराबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या की चाळीस वर्षांत त्या सासऱ्यासमोर बाजेवरसुद्धा बसल्या नाहीत. मग भाकरी उलटून म्हणाल्या, "पण मला तरी कुठं आठ तास बसायला टाईम व्हता."

सोमवारी सकाळी कामाच्या वेळी खोकला आलाच नाही, धुळाजीच आले. मनीषा दचकून खाली उतरली.

"बस," ते म्हणाले.

ती उभीच. अंगवळणी पडलेलं काही सांगून सुटत नाही. धुळाजींचा जन्म मेंढरांमागं गेलेला. बुजलेल्या जनावराला हुकूम चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते बाहेर ओट्यावर गेले आणि अंगणाकडं तोंड करून बसले.

"सासऱ्याच्या समोर बसू न्हाई, असंच हाय ना? मंग माझ्या पाठीमागं बस. बिलकुल चालतंय."

मनीषा बसली. डोळे असे भरून आले की पडद्यावरची अक्षरं दिसेनात. माहेरीसुद्धा तिची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं असंच पाठीला पाठ लावून चाललं. चहा हवा की नको, बाहेरगावी असलेल्या तिच्या नवऱ्याचा, पप्पूचा, फोन आला का, सगळं. पाव्हणा आला तर धुळाजी त्यालाही अंगणाकडं तोंड करून बसवत. गावात दोन दिवस हसणं झालं, मग लोकांनाही सवय झाली.

महिनाअखेरच्या शनिवारी मॅडमनी पाहिलं. मनीषा सरळ बसली होती, पाऊणएक तास जागची हलली नव्हती. दुखणं निम्म्यावर आलंय, घरूनच काम चालू द्या, असं त्या साहेबांना लिहिणार होत्या. कॉल संपवता संपवता त्यांचं लक्ष उघड्या दाराकडं गेलं.

"मागं ओट्यावर कोण बसलंय?"

"आमचे मामा."

"बघून घ्या. पाठ अशी पाहिजे."

धुळाजींनी ते ऐकलं. पाठ आणखी ताठ केली, पण मान वळवली नाही.