साहेबाच्या नावाची फाईल

"तुम्ही चुकीच्या नावानं शोधत होतात, मॅडम," अभिलेखागारातला अधिकारी साखर पेरल्यासारखा म्हणाला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्याच्या नवऱ्याचं नाव चुकीचं? आतोबांना परक्या सरकारनं गोदीच्या संपातून उचललं, तेव्हा आत्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माणूस परत आला नाही आणि मेल्याचा निरोपही नाही. पुढे ते सरकार गेलं, ते कागदांच्या पेट्या बोटीत भरून. स्वातंत्र्य तेवढं ठेवून गेलं, उपकार केल्यासारखं! आई गेल्यावर हिला आत्यानंच वाढवलं, शिकवलं, इतिहासाची प्राध्यापक केलं. आता आत्या अंथरुणाला खिळली होती आणि तिचा एकच धोशा होता, "त्यांना कुठं पुरलं तेवढं कळू दे गं मला."

त्यापायी हिनं चपला झिजवल्या. आपल्या देशातल्या दप्तरखान्यात रिकामी कपाटं आणि जांभया देणारा शिपाई. मग कैद्यांना जिथं धाडत ते बेट, तेही आता स्वतंत्र झालेलं, तिथल्या ग्रंथपाल बाईनं हात झटकून दाखवले, "आमचंही सगळं त्यांनीच नेलं हो!" शेवटी ही राजधानी, नेणाऱ्यांची. आपल्याच घरातून उचललेलं बघायला यायचं, आणि उचलणाऱ्यालाच नम्रपणे विचारायचं, आत येऊ का?

"मग कुणाच्या नावानं शोधायचं?"

"कैद्यांच्या नावानं काही लावलेलंच नाही. तुरुंगाचे कागद तिथल्या तेव्हाच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या नावाखाली. तशी पद्धत होती."

पद्धत म्हणे! मेला त्याचा पत्ता नाही, आणि मारणाऱ्याचं नाव फाईलवर ठळक. आणि ही शहाणी तीन देशांत मेलेल्याचं नाव विचारत फिरली. कपाळावर हात मारावा की टेबलावर मूठ आपटावी? तिनं मूठ आपटली. पलीकडे वाचणारे दोघेतिघे दचकले.

"आणा ती फाईल."

"ती बंद आहे. त्या तुरुंगाच्या साहेबांच्या कन्या हयात आहेत. कुटुंबाच्या भावनांचा प्रश्न असतो."

"आणि आमच्या घरी काय दगड राहतात?"

तो ओशाळला. माणूस तसा वाईट नसावा, कारण त्यानं त्या कन्येला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी परवानगी आणली. फक्त एक अट होती. साहेबांचं नाव हिनं कधी लिहायचं नाही, व्याख्यानात घ्यायचं नाही. तशी सही द्यायची.

ती तरातरा बाहेर व्हरांड्यात आली आणि आत्याला फोन लावला.

"मी नाही सही करणार, आत्या! तू जन्मभर कुढायचं आणि त्याची अब्रू मी सांभाळायची? पुस्तकात काय लिहू, 'कुणी एक अधिकारी'? इतिहास लिहिते मी, त्यांची धुणी नाही धूत!"

"झालं ओरडून?" आत्याचा आवाज खोल गेलेला होता, पण धार तीच होती. "सही कर जा. तू लिहू नकोस, तू बोलू नकोस. मी कुठं सही केलीय?"

तिनं सही केली. फाईल आली. जाडजूड, साहेबाच्या बढत्या, साहेबाच्या रजा, साहेबाच्या घोड्याचं औषधपाणी. घोड्यानंतर आतोबा. अन्न सोडलं म्हणून खुद्द साहेबानं काठीनं मारलं, त्यातच गेले. बेटावरच्या मिठागरामागे पुरले. सगळं मिळून चार ओळी. घोड्याला अख्खं पान होतं.

तिनं व्हरांड्यात येऊन आत्याला फोनवर सगळं सांगितलं, काहीही न गाळता. आत्या रडेल म्हणून ती थांबली.

"आता त्या मेल्या साहेबाचं नाव सांग," आत्या म्हणाली.

तिनं सांगितलं. परक्या मुलखातलं अवघड नाव, आत्याच्या जिभेवर बसेना.

"असं नाही. हळू सांग. चारचौघांत घ्यायचंय मला, चुकून चालायचं नाही."

ती एकेक अक्षर तोडून सांगू लागली. आत्याला नीट ऐकू जाईना, म्हणून आवाज चढवून सांगू लागली. अभिलेखागारातला अधिकारी दारात येऊन उभा राहिला, तरी ती थांबली नाही.