शेटजींचा जलोदर

शेटजी मुळातच ढेरपोटे, त्यामुळे त्यांचं पोट फुगतंय हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेटजी म्हणजे सावनीच्या सासऱ्यांचा, अप्पांचा केशरी गोल्डफिश. एका सकाळी त्याचे खवले दौलताबादच्या सीताफळासारखे उभे राहिलेले दिसले, तेव्हा सावनी चष्मा लावून टाकीपाशी बसली.

"जलोदर आहे, मॅडम," मासे विकणारा शिवम फोनवर म्हणाला. "यातून सहसा वाचत नाही. तसाच दुसरा देतो. अप्पांना कळणारबी नाही."

"कळेल," सावनी म्हणाली. सासूबाई गेल्यापासून अप्पा रोजचा पेपर त्या माशालाच वाचून दाखवत. दुसऱ्या माशाला पहिल्यापासून सगळं राजकारण कोण समजावणार?

सावनी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तिनं वेगळ्या टबात ड्रममध्ये साठवून क्लोरीन उडालेलं पाणी घेतलं, अंगातलं पाणी उतरावं म्हणून मोजून एप्सम सॉल्ट घातलं आणि शेटजींना तिथं हलवलं. खाण्यातून प्रतिजैविक सुरू केलं. अप्पा टबाशेजारी खुर्ची टाकून बसले.

"पथ्याचं जेवण आहे, शेटजी. निमूट खा," ते म्हणायचे.

हळूहळू खवले मिटले, पोट उतरलं. पण परत सोडण्याआधी सावनीनं टाकीचं पाणी तपासलं, तर अमोनिया भरमसाट. टाकी रिकामी, पाणी नुकतंच बदललेलं. मग घाण करतंय कोण? अशा पाण्यात शेटजी पुन्हा आजारीच पडणार होते. तिनं तळाचे खडे उपसले. खाली भाताची शितं कुजून लगदा झाली होती.

दुपारी जेवण उरकून अप्पा टाकीशी आले आणि चिमटीतला वरणभात त्यांनी अलगद पाण्यात सोडला.

"अप्पा, मासा टबात आहे."

"माहीत आहे ग. पण चित्राहुती खरकट्यात कशी टाकायची?" जेवणाआधी ताटाशेजारी देवासाठी काढलेली ती शितं होती, वर तुपासकट. "आधी गॅलरीत ठेवायचो. मुंग्या होतात म्हणून तूच बंद केलंस. म्हटलं, शेटजींच्या मुखी लागेल."

गॅलरीत मुंग्यांच्या खडूची रेघ सावनीनंच ओढली होती.

"त्यानंच आजारी पडले ते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भात सडतो, पाणी विषारी होतं."

अप्पांनी टबाकडे पाहिलं. "म्हणजे मीच?"

"आपण दोघं. उद्यापासून गॅलरीच्या कठड्यावर ठेवा. चिमण्या येतात. मुंग्यांचं मी बघते."

शेटजी धुतलेल्या टाकीत परतले, तेव्हा अप्पा पेपर घेऊन समोर बसले होते. जेवणं झाली तसे शेटजी काचेशी येऊन तोंड उघडझाप करू लागले.

अप्पांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"माझ्याकडं बघू नका," ते म्हणाले. "आता सगळा कारभार सूनबाईंच्या हातात आहे."

सावनीनं माशाच्या खाण्याची बाटली उघडून त्यांच्या तळहातावर दाणे मोजून ठेवले. "घ्या. एवढेच."

अप्पांनी एकेक दाणा सावकाश सोडला.