नदीच्या मधोमध मलमपट्टी

आउनेचं माहेर नदीच्या स्वीडनकडच्या काठावर, सासर फिनलंडकडच्या. लग्न होऊन ती गोठलेल्या नदीवरूनच चालत आली होती. अजूनही काम करताना गुणगुणायची:

अल्याड माझं सासर, पल्याड माझं माहेर
मधी नदीबाई निजली, ओढून बर्फाची चादर

त्याच बर्फावरून तिची भाची गुनवोर, पलीकडच्या दवाखान्यातली नर्स, ढकलगाडी रेटत यायची आणि ओइवाच्या पायाची जखम धुऊन बांधायची. ओइवा म्हणजे आउनेचा नवरा. साखरेच्या आजारानं त्याचा पाय पोखरला होता. अलीकडचा सरकारी दवाखाना मोटारीनं दोन तासांवर. भाचीच्या घरचा धूर मात्र खिडकीतून दिसायचा.

नाताळ सरला आणि गुनवोरचं येणं थांबलं. सरकारनं सीमाभागातल्या आरोग्यसेवेचा अभ्यास काढला होता, आणि नर्सच्या फेऱ्यांचा पैसा त्या अभ्यासाकडे वळवला होता. अभ्यास संपेपर्यंत नदी ओलांडून उपचार करायला आणि घ्यायलाही बंदी होती.

अभ्यास करायला राजधानीतून रिकू नावाचा तरुण आला. गावच्या सभागृहात कॉफीची किटली मांडली, माणसं जमली.

"आजी, पलीकडून उपचार घेताना तुम्हाला काय अडचण येते?"

"तू," आउने म्हणाली.

कुणाला तरी कॉफीचा ठसका लागला.

"तुझ्याआधी दोघं येऊन गेले. पलीकडची नर्स जवळ पडते आणि स्वस्त पडते, असं दोघांनीही लिहिलं. तूही तेच लिहिशील. तोवर ओइवाचा पाय कुणी बघायचा?"

"जनतेचा पैसा आहे, आजी. अभ्यासाशिवाय कसा खर्चायचा?"

"जनता म्हणजे आम्हीच ना? आमच्याच पैशानं आम्हालाच विचारता, दुखतंय का! आणि मी तुझी आजी नाही. असते तर कान उपटला असता."

त्यानंतर कुणीच तोंड उघडलं नाही. गप्प बसणं या काठावरच्या माणसांना आईच्या दुधातूनच मिळतं. ती विचार करताहेत असं वाटून रिकू अदबीनं थांबून राहिला. माणसांनी कॉफी संपवली, कप विसळून पालथे घातले आणि घरी गेली.

घरी ओइवाच्या पायाला वास यायला लागला होता.

"पाय गेला तर एक मोजा वाचेल तुझा विणायचा," तो म्हणाला.

"दोन्ही विणणार मी," आउने म्हणाली, आणि शेजारच्या तैस्तोचं दार ठोठावायला गेली.

तैस्तोची मासेमारीची झोपडी होती. बर्फावरून घसरायला खाली लाकडी पट्ट्या, आत छोटी शेगडी, जमिनीत भोक. हिवाळाभर तो तिच्यात बसून बर्फाखाली गळ सोडायचा. सकाळी त्यानं ती ओढत नेऊन नदीच्या ऐन मध्यावर उभी केली आणि ओइवाला आत नेऊन बसवलं. गुनवोरला अलीकडच्या काठावर उपचार करायची बंदी होती, ओइवाला पलीकडच्या दवाखान्यात घ्यायची. मधल्या जागेबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

"आत्या, बॅग घेऊन मासे धरायला आले मी," गुनवोर आत शिरत म्हणाली. "आतोबा, मोजा काढा."

जखम निम्मी धुऊन झाली आणि दार उघडलं. लाल नाकाचा रिकू. त्यानं पाय पाहिला, बॅग पाहिली.

"ही झोपडी सीमेच्या कुठल्या बाजूला आहे?"

गुनवोरचे हात थांबले. यानं लिहिलं तर तिची नोकरी गेली.

"त्या भोकात गळ सोडलाय," आउने म्हणाली. "मासा लागला की त्याला विचार. आणि आत ये नाहीतर बाहेर जा, पण दार लाव. माणसाचा पाय उघडा पडलाय."

रिकूनं दार लावलं. आतून.

"आलाच आहात तर टाच वर धरा," गुनवोर म्हणाली.

त्यानं हातमोजे काढले आणि टाच धरली. वासानं त्याचे डोळे पाणावले, पण त्यानं तोंड फिरवलं नाही.

"हं, आता लिही बघू," आउने म्हणाली.

"दोन्ही हात गुंतलेत."

"बरंच झालं."

पट्टी बांधून होत आली. रिकू हळूच म्हणाला, "बर्फ वितळल्यावर काय कराल?"

आउनेनं शेगडीत लाकूड सारलं.

"होडी आहे. तैस्तोनं तिच्या बुडाला लावायचं डांबर तापवायला घेतलंसुद्धा."