तुराब-अकांच्या दारातली बाकं

आमच्या ह्यांनी ताश्कंदच्या रस्त्यांवर आयुष्यभर ट्राम चालवली. एवढं मोठं धूड घंटा वाजवत भर बाजारातून न्यायचे, पण कधी कुणाला साधं खरचटलं नाही. असा माणूस म्हातारपणी घाबरला कशाला, तर उभं राहून चालवायच्या त्या विजेच्या स्कूटरला. पोरांच्या खेळण्यात शोभेल अशी ती वस्तू.

वसंतात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तोंडाने फटकळ. म्हणाली, "तुराब-अका, माझं काम झालं, आता तुमचं. रोज चालायचं. गल्लीच्या टोकापर्यंत तरी. नुसते बसून राहिलात तर मी घातलेले टाके फुकट." मग आम्ही दोघं रोज सकाळी टोकावरच्या नानवाल्यापर्यंत जायचो आणि गरम नान घेऊन परत यायचो. रंग परत येत होता चेहऱ्यावर. मला वाटलं, सुटलो.

आणि एका सकाळी मागून ती स्कूटर आली. आवाज नाही, घंटी नाही, काही नाही. ह्यांच्या हातातली काठी उडाली आणि हे रस्त्याकडेच्या पाटात, कमरेपर्यंत पाण्यात जाऊन बसले. स्कूटरवाला "माफ करा हं!" असं ओरडत ओरडतच निघून गेला. हाड एकही मोडलं नाही. पण मोडायचं ते दुसरंच काहीतरी मोडलं. दुसऱ्या दिवशी मी काठी पुढे केली तर म्हणाले, "आज नको, उद्या जाऊ." त्यानंतर रोजच उद्या.

अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली खाट आहे, तिच्यावर दिवसभर बसून राहायचे. पावलं सुजायला लागली. मी चिडले, गोंजारलं, रुसले, काही उपयोग नाही. दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, बाहेर डोकावायचे आणि मागे फिरायचे. मी त्या माणसाला हळूहळू गमावत होते आणि हे मला कळत होतं.

म्हणून मी मोहल्ला समितीत गेले. तिथली प्रमुख बार्नो-ओपा. वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान, पण खुर्चीवर बसली की धाकटीसुद्धा ताई होते, म्हणून ओपा. बाई वाईट नाही. प्रत्येक तक्रारीला उत्तर द्यायचंच अशी तिला सवय आहे, एवढाच तिचा दोष.

"ओपा," मी म्हटलं, "त्या स्कूटर आमच्या गल्लीतून बंद कर."

"मी कशी बंद करणार? मोठ्या रस्त्यावर त्यांना मनाई आहे. फुटपाथवर हळू चालवायची, असा नियम आहे."

"मग फुटपाथवर चालवू देत!"

"मोठ्या रस्त्याचा फुटपाथ पाइपांसाठी खणून ठेवलाय ना. म्हणून सगळे तुमच्या गल्लीतून येतात."

"मग गल्लीत हळू चालवायची पाटी लाव."

"पाटी हाकिमाच्या कचेरीतून यावी लागते. ते म्हणतात, ही गल्ली आमच्या नकाशात रस्ता म्हणून नाहीच. पाटाची कडा म्हणून आहे."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं पाटाच्या कडेला राहतो?"

"तसंच काहीसं," बार्नो म्हणाली आणि मला चहा ओतला.

"निदान खड्डे तरी बुजवा. त्यांची काठी अडकते खड्ड्यात."

"रस्ताच नाही म्हटल्यावर खड्डे कुठून असतील, ओयनिसो-ओपा?" हे म्हणताना तिला स्वतःलाच हसू आलं. मला आलं नाही.

भरीत भर म्हणजे समोरचा एर्गाश. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याने माणसाच्या उंचीचे भोंगे आणून अंगणात उभे केले होते. दुपारी ह्यांचा डोळा लागला की तिकडे "हॅलो हॅलो, एक दोन तीन" सुरू व्हायचं, मग ढोल. खिडकीची काच थरथरायची. ह्यांनी एकदा भिंतीवरून सांगितलं, "एर्गाश, जरा हळू." तो म्हणाला, "अका, लग्नघर आहे, परवानगी आहे माझ्याकडे." ह्यांचं डोकं फिरलं. "तुझ्या बापाच्या लग्नात मी वाजवलं होतं, तेव्हा परवानगी नव्हती, अक्कल होती!" झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघं लहानपणापासूनचे शेजारी. एर्गाश चालायला शिकला तो ह्यांचं बोट धरून. आता भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला तरी दोघं तोंड फिरवायचे. एर्गाशची म्हातारी आई तेवढी मधेच हाक मारायची, "तुराब, जिवंत आहेस का रे?" आणि हे आतून "अजून आहे!" म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी माझा तोल गेला. दारासमोरून एकामागून एक स्कूटर सुसाट जात होत्या आणि हे उंबऱ्यावरून नुकतेच मागे फिरले होते. मी मनात म्हटलं, खड्ड्यात गेली ती पाटी. आमच्याकडे पाहुण्यांसाठी लांब लाकडी बाकं आहेत. मी ती एकटीने ओढत बाहेर नेली आणि दारासमोर गल्लीत आडवी टाकली, एक या बाजूने, एक त्या बाजूने. आता उतरल्याशिवाय कोण जातो बघू! कंबर धरली, पण बरं वाटलं. मग मी आत गेले आणि गाजरं चिरायला बसले.

थोड्या वेळाने लक्षात आलं की बाहेर शांतता आहे. ढोल नाही, "एक दोन तीन" नाही. मी दारातून हळूच पाहिलं. दोन पोरं स्कूटरवरून उतरून, ती हाताने ढकलत, मान खाली घालून आमच्या दारावरून चालली होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हाकिमाच्या कचेरीला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं होतं. मी आत येऊन पुन्हा गाजरं घेतली.

तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या दोन बायका आत आल्या, डोक्याला पांढरे रुमाल. एकीने मला मिठी मारली आणि मोठ्याने गळा काढला. मागोमाग दुसरीने. समोरचे भोंगे बंद, गल्ली शांत, बायका रडतायत. गेली! एर्गाशची म्हातारी गेली! लग्नाच्या तोंडावर! आणि आमच्याकडे आधी रडायचं असतं, विचारायचं मागाहून. मीही हातातली सुरी टाकली आणि त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मनापासून फोडला, म्हातारी चांगली होती हो.

"धीर धर, ओपा," एक हुंदके देत म्हणाली.

"तुम्हीही धरा," मी म्हटलं. कुणाला धीर द्यायचा ते मला काही कळत नव्हतं.

बाहेरून पुरुषांचा टाहो ऐकू आला, "वोय, अकाऽम! वोय, अकाऽम!" म्हणजे 'हाय रे माझ्या दादा!', पण रडण्याच्या भरात ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. वेलाखालच्या खाटेवर पांघरूण घेऊन पडलेले हे ताठ उठून बसले.

"कोण गेलं?"

"अहो, समोरची आई गेली बहुतेक," मी डोळे पुसत म्हटलं.

बायकांनी ह्यांच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि त्यांचं रडणं एकदम थांबलं. एकीच्या तोंडाचा आ तसाच राहिला. पण ह्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते उठले. कुणाचा हात न धरता उठले. आत जाऊन चौकोनी टोपी घातली, अंगरखा चढवला, कमरेला रुमाल बांधला. शेजारी मयत झाली की पुरुषाने असं उभं राहायचं असतं. आजारी असो, भांडण असो, घाबरलेला असो, जायलाच हवं.

"अहो, काठी!" मी म्हटलं.

"राहू दे. एर्गाश एकटा असेल," असं म्हणत ते उंबरा ओलांडून बाहेर गेले.

मी मागोमाग धावले आणि दारातच थबकले. माझी बाकं आडवी नव्हती. मागाहून कळलं, लग्नघरची खुर्च्यांची गाडी आत न्यायची म्हणून ड्रायव्हरने ती उचलून आमच्या दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीशी नीट लावून ठेवली होती. दारालगत भिंतीला बाकं लागली की त्या घरात माणूस गेलंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यातून घर हृदयाच्या रोग्याचं, आणि रोगी महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेला पडलेला नाही. आख्ख्या मोहल्ल्याने एकच अर्थ काढला होता.

बाकांवर टोप्या घातलेले, कमरेला रुमाल बांधलेले पुरुष बसले होते. पलीकडे काहीजण फावड्यांनी गल्लीतले खड्डे बुजवत होते, म्हणजे जनाजा खांद्यावरून नेताना कुणाचा पाय अडकू नये. मोठ्या रस्त्यावरची खडी टोपल्यांनी येत होती. बार्नो-ओपा स्वतः उभी राहून पाणी शिंपडून घेत होती. आणि सगळ्यांत पुढे, भिंतीवर कपाळ टेकवून, एर्गाश ओक्साबोक्शी रडत होता.

ह्यांनी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नकोस रे. आई पिकलं पान होती. कधी गेली?"

एर्गाशने वळून पाहिलं. मग त्याने ह्यांचे दोन्ही दंड चाचपले, गाल चाचपले.

"कुणाची आई?" तो कसंबसं म्हणाला.

"तुझी!"

"मी इथे आहे की!" समोरच्या दारातून म्हातारी ओरडली. "तू गेलास म्हणतायत रे मेल्या!"

मग बाकावरचा एक म्हातारा हसायला लागला, आणि ते हसू बाकाबाकावरून पसरत गेलं. एर्गाश तेवढा हसत नव्हता. ह्यांना घट्ट मिठी मारून तो आणखीच जोरात रडायला लागला. "अका, मी भोंग्याच्या नादात... मला वाटलं, न बोलताच गेलात... अका, मला मारा, शिव्या द्या..."

"देतो, देतो, आधी सोड. टाके तुटतील," हे म्हणाले.

फावडेवाले फावडी टेकून उभे राहिले होते. ह्यांनी डोळे पुसले, बुजलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं, उरलेल्यांकडे पाहिलं.

"थांबलात का? बुजवा की सगळे. नाहीतर मी परत आत जाऊन पडतो."

पुन्हा हशा. पण फावडी चालू झाली. बार्नो माझ्याजवळ आली. रागावावं की हसावं ते तिला ठरवता येत नव्हतं. "ओयनिसो-ओपा, समितीची मोठी कढई मी चुलीवर चढवून आलेय. आता काय करू?"

"चढलीये तर उतरवू नकोस. पुलाव कर. गाजरं मी चिरलीयेत."

"आणि लोकांना काय सांगू?"

"सांग की माणूस मेल्यावर तुमची समिती काय काय करू शकते ते सगळ्यांनी पाहिलं. आता जिवंतपणी कर." एवढं मोठ्याने मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. बाकांवरचे सगळे "खरंय, खरंय" म्हणाले. बार्नो लाल झाली. मग म्हणाली, "नकाशा गेला चुलीत. आज एवढे पुरुष जमलेत, इथेच ठरवू." आणि पुलाव शिजेपर्यंत ठरलंसुद्धा. गल्लीत स्कूटर हाताने ढकलून न्यायची, पाटी मोहल्ला स्वतः रंगवणार, दुपारी भोंगे बंद. कचेरीने विचारलं तर बार्नो उत्तर देणार. उत्तर द्यायची सवय तिला आहेच.

संध्याकाळी ह्यांनीच एर्गाशला सांगितलं, "लाव रे काहीतरी. लग्नघर आहे, असं सुतकी बरं नाही दिसत. हळू लाव म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर खाट रिकामी होती. दार सताड उघडं. मी अनवाणीच बाहेर धावले. तर हे गल्लीच्या पार टोकाला, नानवाल्याच्या दुकानापाशी उभे. काखेत नान, आणि पाटी ठोकायला आलेल्या माणसाशी वाद चाललेला. "इथे नाही हो, अलीकडे! वळणाआधी दिसायला नको का? मी ट्राम चालवलीये, मला सांगता?"

मी हाक मारली नाही. तशीच परत आत आले, चहाचं आधण ठेवलं आणि चुलीपुढे बसून रडले, मनसोक्त, आवाज काढून. आदल्या दिवशी सगळी गल्ली त्यांच्यासाठी रडली होती, आणि मी तेवढी दुसऱ्याच कुणासाठी.