बाईसाहेब, नाव घ्या!

इंदूरहून देपालपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पेरूच्या बागेमागे एक पडकी कोठी आहे. दर मंगळवारी सकाळी तिच्यासमोर इतक्या गाड्या लागतात की वाटावं, आत कुणाचं तरी लग्न आहे. लग्नबिग्न काही नसतं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईचा दरबार भरतो.

दिवाणखान्याच्या मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा आहे. त्यावर हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं, आणि समोर कुंकवाची जाड रेघ. रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. उदाचा धूर इतका की माणसं आधी खोकतात आणि मग हात जोडतात. पांढरा झब्बा, मनगटावर रंगीबेरंगी दोरे अशा थाटात नचिकेत महाराज शंख फुंकतात. कोठीत वीज नाही, खिडक्या बंद, वाऱ्याचं नाव नाही, आणि तरी झोपाळा हलू लागतो. मग वरून, भिंतीतून, बाईचा आवाज येतो.

"मी मनोरमा! माझ्या गोपीनाथाने मला इथे कोंडलं... गोपीनाथ, तुझं वाटोळं होवो!"

"आल्या, बाईसाहेब आल्या!"

"अरे भिया, मोबाइल अंदर रख! श्राप लागेल!"

महाराजांचं भाषण ठरलेलं. "होळकरी जमान्यातले मोठे अफसर, गोपीनाथराव. बायकोला ह्याच कोठीत कोंडून मारली! तब से आत्मा भटकत होती. मी तिला भक्तीने बांधली. आता ती तुमचे रोग पिऊन टाकते. पण पोटात डॉक्टरची गोळी असली तर बाईसाहेब बसणार कुठे? थोडी जगह तो द्या ना तिला!"

जागा करून द्यायची म्हणजे आपली औषधं अंगणातल्या विहिरीत टाकायची.

त्या विहिरीत माझ्या धाकट्या बहिणीचं, शारदाचं, इन्सुलिन गेलं. महिन्याभरात शारदाही गेली. मी स्मिता. इंदूरच्या अन्नपूर्णा भागात राहते, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. विज्ञानवाल्यांनी शांत डोक्याने सत्य शोधावं, असं मुलांना सांगत आले. पण शारदाच्या तेराव्यानंतर त्या दरबारात पहिल्यांदा जाऊन बसले, तेव्हा माझं डोकं शांत नव्हतं. मला सूड हवा होता.

शारदाची मुलगी क्षितिजा मात्र अजून हात जोडूनच होती. "मावशी, आईची श्रद्धाच कमी पडली ग. महाराजजी म्हणाले, ती लपून शुगर चेक करायची."

"आणि मितालीचं काय?"

मिताली तिची मुलगी. तिला फिट्स येतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट थांबणार नाही, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पुढच्या मंगळवारी तिच्या गोळ्या विहिरीत टाकायच्या आहेत. बाईसाहेबांनी सांगितलंय. तू बीच में मत पड, मावशी."

म्हणजे माझ्या हातात एक आठवडा होता.

दरबार नसलेल्या दिवशी, भरदुपारी, मागच्या पडक्या भिंतीवरून मी कोठीत उतरले. साठीनंतर भिंती चढणं शोभत नाही, पण बघायला होतं कोण? न्हाणीघरात चिनी मातीचा मोठा टब होता आणि त्यात पिंपळ उगवला होता. जिन्याला कठडा नव्हता. खोल्या कबुतरांनी वाटून घेतल्या होत्या. दिवाणखान्यात उदाचा धूर नसल्यामुळे छत प्रथमच नीट दिसलं. छताला लोखंडी आकड्यांची रांग होती, आणि त्याच रेषेत भिंतीत, उंचावर, एक भोक. भोकात झिजलेलं पितळी चाक.

वीज येण्याआधी बड्या लोकांच्या घरात छताला कापडाचा लांबलचक पंखा टांगायचे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे जायची, आणि पलीकडे बसून एक गडी ती दिवसभर ओढायचा. पंखा गेला, गडी गेला, भोक राहिलं. त्याच भोकातून आता मासे धरायची पारदर्शक नायलॉनची दोरी निघून झोपाळ्याच्या मागच्या कडीला बांधलेली होती. धुरात ती कुणाच्या बापाला दिसणार नव्हती.

वळसा घालून मागच्या पडवीत गेले. पंखा ओढणाऱ्याच्या खोलीवर पाटी होती: 'साधना कक्ष. प्रवेश निषेध.' खिडकीच्या फटीतून साधना दिसली. प्लास्टिकची खुर्ची, दोरीचं रीळ, भोकापर्यंत नेलेला पाइप, त्याच्या खालच्या टोकाला नरसाळं, आणि खुर्चीवर लसूण शेवेचं अर्धं पाकीट. मेल्यावरही इंदूरच्या माणसाची शेव सुटत नाही, एवढं मात्र मला पटलं.

परतताना जुनी इंदूर भागात गोपीनाथरावांच्या पणतूंकडे, शरच्चंद्रजींकडे गेले. ते हसायलाच लागले. "पणजीबाईंना कोंडलं? अहो, त्याच सगळ्यांना धाकात ठेवायच्या! म्हाताऱ्या होऊन, नातवंडं बघून, ह्याच घरात गेल्या. कोठीवर तर फक्त आंब्याच्या मौसममध्ये जायचे सगळे."

मंगळवारी क्षितिजाबरोबर मीही गेले. तिला वाटलं, मावशी सुधारली. मिताली तिच्या मांडीवर होती आणि गोळ्यांची पट्टी मुठीत. "हात धुऊन येते," म्हणून मी मागे गेले. साधना कक्षात कुणीतरी कुरकुर शेव खात होतं. मी बाहेरून कडी लावली आणि घरून आणलेलं कुलूप घातलं. मनाला फार बरं वाटलं.

शंख झाला. झोपाळा हलला. "मी मनोरमा! माझ्या गोपीनाथाने मला..."

मी उभी राहिले. "बाईसाहेब, एक विचारते. तुमच्या काळातली बाई नवऱ्याचं नाव घ्यायची? माझ्या सासूबाई रेशनच्या दुकानात मला पुढे करायच्या, 'ह्यांचं नाव तू सांग' म्हणून. तुम्ही तर त्यांना नावाने हाका मारताय!"

बायकांत खसखस पिकली. मागून एक आजी म्हणाल्या, "खरंच की! नाव घ्यायचं ते उखाण्यात."

"मग घ्या उखाणा! बाईसाहेब, नाव घ्या!"

"नाव घ्या! नाव घ्या!" हळदीकुंकवाला जमल्यासारख्या सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या.

"आत्म्याची परीक्षा घेऊ नका! भस्म होऊन जाल!" महाराज ओरडले. पण मराठी बायका एकदा उखाण्याला बसल्या की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

भिंत चाचरली. "चांदीच्या वाटीत... वाटीत... गोपीनाथ..." आणि गप्प झाली.

"शंभर वर्षं रिकाम्या बसलात, एक उखाणा जुळवता आला नाही?" मी कुंकवाची रेघ ओलांडली, हवेतली दोरी पदरात धरली आणि सगळ्या जोरानिशी ओढली.

"आई ग! हाथ कट गया!" भिंत किंचाळली. पाठोपाठ मागून दार बडवल्याचा आवाज आला. "दरवाजा खोलो रे! महाराज, कुंडी किसने लगाई?"

महाराज खिडकीकडे सरकत होते. टाळ्या पिटणाऱ्या त्याच बायकांनी त्यांना घेरून खाली बसवलं. मी दोरी उचलून दाखवली, भोक दाखवलं, पंख्याची गोष्ट सांगितली. माणसं धावत पडवीत जाऊन फटीतून बघून आली. एक माणूस विहिरीच्या काठावर जाऊन डोकं धरून बसला. त्याचं कोण गेलं होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आतली बाई रडत होती. कुणी म्हणालं, उघडा बिचारीला. मी उघडलं नाही. भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "नरसाळं धर. त्याच आवाजात बोल. नाव?"

"बेबी. महाराजांची घरवाली."

"शारदाला काय सांगितलंस?"

मग भिंतीतून तोच मनोरमाचा कापरा आवाज आला. "इन्सुलिन फेक, असं मी म्हणाले. ती विचारत होती, नक्की ना बाईसाहेब? मी म्हणाले, नक्की."

क्षितिजा पांढरीफटक पडली. "मावशी, हाच आवाज. मी आईच्या बाजूलाच बसले होते." तिने मुठीतली पट्टी फोडली. पहिली गोळी खाली पडली. दुसरी तिने मितालीच्या जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं. मगच मी कुलूप काढलं, ते कुणीतरी फोन करून बोलावलेल्या पोलिसांच्या समोर.

मी त्या नवराबायकोला माफ केलं का? नाही. करणारही नाही. कोर्टात प्रत्येक तारखेला मी पहिल्या बाकावर बसते, महाराजांना दिसेल अशी.

तुम्हाला मात्र एवढंच सांगते. झोपाळा आपोआप हलला तर दोरी शोधा. औषध सोडायला देव सांगो, भूत सांगो की महाराज, आधी डॉक्टरला विचारा. आणि भिंत बोलायला लागली तर हात जोडण्याआधी उठा, वळसा घाला आणि तिच्या मागे कोण बसलंय ते बघून या. शारदा विचारत होती, "नक्की ना?" तेव्हा तो दिवाणखाना माणसांनी भरलेला होता. भिंतीमागे कुणीही गेलं नाही.